टी-२९ : डोकं पोलादी, बाकी रामभरोसे?

खंदकराव (धागाकर्ता)

मंडळी, वर्ल्ड ऑफ टँक्स या रणगाड्यांच्या ऑनलाइन गेममधल्या टी-२९ बद्दल जरा सविस्तर बोलूया. अमेरिकन हेवी (जड रणगाडा), टियर ७ (ताकदीची सातवी पायरी). त्याच्या आधीच्या एम-६ चा रटाळ टप्पा उरकून हा हाती आला. आता १०५ मिमीची टी-५-ई-१ तोफही बसवून झाली आहे, त्यामुळे ‘स्टॉक (अपग्रेड न केलेला) आहे म्हणून जड जातोय’ ही सबब उरलेली नाही.

कुणालाही विचारा, एकच उत्तर मिळतं: टियर सातचा राजा, डोळे झाकून घे. कागदावर पटतंही. टरेटच्या (वरच्या फिरत्या बुरुजाच्या) पुढ्यात २७९ मिमी चिलखत, तोफेचं पेन (किती मिमी चिलखत भेदतं ते) १९८, एका गोळ्याचं डॅमेज ३२०, वर तोफ १० अंश खाली झुकते. पण खेळताना वाटतं की एकाच नावाचे दोन रणगाडे गॅरेजमध्ये आहेत. एका बॅटलमध्ये समोरचे तिघे गोळ्यांवर गोळे घालतायत आणि सगळे टणाटण उडतायत. पुढच्याच बॅटलमध्ये पहिल्या कोपऱ्यावर नाक काढलं की थेट गॅरेज. सरासरी डॅमेज बरं दिसतं, विन रेट मात्र काठावर लटकतोय.

मग या गाड्याची पारख करायची तरी कशावरून? आणि टायगर किंवा आयएस (जर्मन आणि रशियन टियर ७ हेवी) सोडून हाच ठेवावा असं यात काय आहे? ‘स्किल वाढव’ एवढंच लिहायचं असेल तर ते मला रोज टीम चॅटमध्ये ऐकायला मिळतं. (ह. घ्या.)

---

निवांत

वाचनखूण साठवली. चांगला विषय.

---

मीडियमवाला

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ओव्हररेटेड टँक आहे.

टी-२९ चं कौतुक करणारे सगळे टरेटवर बोलतात. पण टेकाडाआड टरेट काढून बसलेल्या टी-२९ वर मी गोळे वाया घालवतच नाही. मी निघून जातो. ताशी ३५ किमीच्या पुढे जो जात नाही तो माझ्यामागे येणार आहे का? दोन मिनिटांनी मी त्याच्या बगलेत असतो, आणि तिथे आहे फक्त ७६ मिमी. तोवर त्याच्या खात्यात एखादा हिट जमा असतो आणि तो चॅटमध्ये ‘नूब टीम’ लिहीत असतो.

हेवीचं काम रेटा देणं. जो एका जागी रुतून बसतो तो हेवी नाही, महागडा बंकर.

---

अर्धवटराव

बंकरचा विन रेट किती असतो हो?

---

चिलखतराव

खंदकराव, तुमच्या ‘एकाच नावाचे दोन रणगाडे’ या वाक्यातच निम्मं उत्तर आहे. थोडं आकड्यात शिरू, कारण या टँकबद्दल बरंचसं बोलणं ऐकीव असतं.

या गेममध्ये प्रत्येक गोळ्याचं पेन लिहिलेल्या आकड्याच्या २५ टक्के वर-खाली फिरतं. आता तुमच्या टरेटसमोर कोण कोण येतं ते बघा. आयएसची १२२ मिमी डी-२५टी तोफ: साधा गोळा १७५, गोल्ड (जास्त भेदणारा महागडा गोळा) २१७. नशीब अगदी फळफळलं तरी अनुक्रमे २१९ आणि २७१. तुमचं मॅन्टलेट (टरेटच्या पुढची, तोफेभोवतीची ढाल) २७९. म्हणजे आयएसवाला खिसा रिकामा करून गोल्ड भरत बसला तरी मॅन्टलेटमधून गोळा जाणारच नाही. कधीच नाही. टायगरची लांब ८८: साधा गोळा २०३, कमाल २५४, तोही बाद. गोल्ड २३७, कमाल २९६, म्हणजे क्वचित एखादा घुसेल, तोही समोरासमोर सपाट लागला तर.

टियर आठचा टायगर-२ घ्या. त्याची १०.५ सेंमी तोफ २२५ ची, कमाल २८१. दोन मिमीचा फरक! गणिताने शक्य आहे, पण पेनचं वाटप सरासरीच्या आसपास दाटलेलं असल्यामुळे टोकाचा आकडा फार विरळा पडतो. टियर नऊच्या ई-७५ ची १२.८ सेंमी २४६ ची, कमाल ३०७. तिथून पुढे बिघडायला सुरुवात होते. आणि टियर सातला मॅचमेकिंग नवापर्यंत नेतं, हे विसरायचं नाही.

आता हल, म्हणजे टरेटखालचं धड. पुढची वरची प्लेट १०२ मिमी, ५४ अंश कललेली. सरळ हिशेबात १७३ मिमी होतात. पण साध्या एपी (चिलखतभेदी) गोळ्याला ५ अंशांचं नॉर्मलायझेशन (कोन तेवढा कमी धरण्याची सवलत) मिळतं, की तेच १५५ वर उतरतात. मघाचाच आयएस, मघाचाच १७५ चा साधा गोळा, आणि इथे तो बहुतेक वेळा आरपार. खालची प्लेट तर ७० मिमी. हा टँक म्हणजे स्वेटरच्या आत घातलेला शर्ट आहे, इस्त्री फक्त कॉलरला.

त्यामुळे ‘टी-२९ चं चिलखत चांगलं की वाईट’ असा प्रश्न करून काही हाती लागणार नाही. तुमच्या हलवर किती गोळे बसले ते मोजा. बॅटल संपल्यावर डॅमेजचा आकडा बघायच्या आधी रीप्ले उघडा आणि मार कुठे कुठे खाल्ला तेवढंच बघा. ज्या बॅटलमध्ये निम्म्याहून जास्त मार हलवर बसलाय, ती बॅटल तुम्ही दुसऱ्याच कुठल्यातरी टँकसारखी खेळलात.

---

सहज_सुचलं

चिलखतराव, +१. आयएसची गोल्डसुद्धा जात नाही हे वाचून मजा वाटली. इतके दिवस उगाच घाबरून मागे सरत होते.

---

मीडियमवाला

आकडे मान्य. मुद्दा तसाच आहे. अभेद्य डोकं दाखवून बसलेल्याला मी सोडून जातो, त्याचं काय?

---

चिलखतराव

त्याचंच उत्तर म्हणजे ते १० अंश. टरेट गोळे झेलायला दिलेला नाही, तोफ चालवता यावी म्हणून दिलेला आहे. रशियन हेवींची तोफ साधारण पाच-सहा अंश झुकते. टेकाडावरून खाली मारायचं तर त्यांना नाक पार पुढे काढावं लागतं, हल उघडं पडतं. टी-२९ उताराच्या मागे राहून तेच काम करतो. म्हणजे ज्या रस्त्याने तुम्ही माझ्या बगलेकडे पळणार, तो रस्ता माझ्या तोफेखाली असेल तर तुम्ही मला सोडून जाऊ शकत नाही. नसेल, तर मी चुकीच्या टेकाडावर बसलोय. तिथे तुमचा बंकर हा शब्द मी बिनशर्त मान्य करतो.

खंदकराव, वर कसं चढायचं तेही सांगतो, कारण नव्वद टक्के लोक इथेच मार खातात (टक्केवारी माझ्या मनातली, हलकेच घ्या). चढताना स्नायपर मोडमध्ये राहा. सुरुवातीला निशाणाचा ठिपका समोरच्या गवतावरच अडकलेला असतो, तोफ जमिनीत घुसल्यासारखी. अगदी इंचाइंचाने पुढे सरका. ज्या क्षणी ठिपका गवतावरून सुटून शत्रूवर जाऊन बसतो, त्या क्षणी ब्रेक. त्याच्या पुढे वीतभर जरी गेलात तरी वरची प्लेट दिसायला लागते. गोळा मारला की लगेच मागे. रीलोड होईपर्यंत खाली थांबायचं, चिलखतावर विश्वास असला तरी.

---

नवशिक्या

दादा, एक शंका. मी हल-डाउन (हल झाकून, फक्त टरेट वर) बसतो तरी वरून गोळे आत येतात. टरेटचं चिलखत २७९ असेल तर हे कसं?

---

चिलखतराव

टरेटच्या छतावर कमांडरचा कपोला आहे, ती उंच टोपी. जाणकार माणूस मॅन्टलेटवर वेळ घालवत नाही, तिथेच निशाणा धरतो. उपाय एकच, स्थिर राहायचं नाही. रीलोड चालू असताना खाली जाणं शक्य नसेल तर गाडी थोडी मागे-पुढे हलवत राहा. एवढासा कपोला हलता असला की लांबून मारणाऱ्याचा गोळा एकतर वरून जातो नाहीतर मॅन्टलेटवर आपटतो. जवळून मात्र हा उपाय चालत नाही. समोरचा पन्नास मीटरवर आला की कपोला चांगलाच मोठा दिसतो. म्हणून टी-२९ ला अंतर हवं. गळ्यात गळा घालून भांडायची सवय असेल तर टायगरपण नको, सरळ केव्ही-२ (रशियन हेवी) घ्या.

---

अर्धवटराव

केव्ही-२ चं नाव घेतलंत आणि माझा चेहरा खुलला. १५२ मिमी, जय हो.

---

तोफगोळा

आर्टीवाल्याच्या (लांबून, वरून गोळे टाकणाऱ्या तोफगाडीवाल्याच्या) बाजूने दोन ओळी. (शिव्या नंतर द्या.)

हल-डाउन बसलेला टी-२९ आम्हाला देवाने पाठवलेला वाटतो. गाडी मोठी, हळू, आणि बऱ्याचदा एकाच जागी. खंदकराव, बॅटल सुरू होताना दोन्ही टीमच्या यादीत आर्टी किती ते बघत जा. समोर तीन असतील तर टेकाड निवडताना मागे उंच कडा किंवा इमारत आहे का ते बघा. उघड्या टेकाडावर बसून ‘माझा टरेट पोलादी’ म्हणू नका. आमचा गोळा टरेटच्या पुढ्यात येत नाही, छतावर येतो.

---

खंदकराव (धागाकर्ता)

चिलखतराव, सविस्तर प्रतिसादाबद्दल मनापासून धन्यवाद. रीप्ले बघायला घेतलेत. एक गोष्ट आत्ताच दिसली: हिमल्सडॉर्फमध्ये (शहराचा मॅप) माझं पार पानिपत होतं आणि प्रोखोरोव्कामध्ये (मोकळ्या रानाचा मॅप) चांगलं जातं. म्हणजे हा टँक नकाशावर अवलंबून आहे एवढाच निष्कर्ष निघतो का? तसं असेल तर मॅप मिळणं नशिबाचा भाग झाला, त्यात पारख कसली?

---

निवांत

हिमल्सडॉर्फमध्ये टी-२९ वाईट हा गैरसमज आहे असं माझं मत. रस्त्यावरच्या लढाईत वाईट, हे खरं. गल्लीच्या कोपऱ्यावरून बाहेर पडताना टरेटच्या आधी नाक बाहेर येतं, आणि नाक कसलं आहे ते वर लिहिलंच आहे. पण त्याच मॅपवर किल्ल्याची टेकडी आहे. तिथे हेवी क्वचित जातात, कारण चढायला वेळ लागतो. टॉप टियर असाल आणि सोबत दोन मीडियम चढत असतील तर जाऊन बघा.

साईडस्क्रेपबद्दलही (भिंतीआडून फक्त तिरकी बाजू दाखवण्याबद्दल) थोडं. ७६ मिमीची बाजू कमी वाटते, पण ७० अंशांपेक्षा जास्त तिरकी लागली की एपी आणि एपीसीआर (एपीचाच जास्त वेगवान प्रकार) गोळा आपोआप उडतो. हा नियम फक्त तोफेची कॅलिबर चिलखताच्या तिप्पट झाली तरच मोडतो. ७६ ची तिप्पट २२८. एवढी मोठी तोफ तुमच्यासमोर येणार नाही. तेव्हा भिंतीला चिकटून, गाडी उलटी घेत, मागच्या बाजूने कोपरा काढला तर शहरातसुद्धा तग धरता येतो. थोडा सराव लागतो आणि हीट (स्फोटाच्या धारेने भेदणाऱ्या) गोळ्यांना हा नियम तसा लागू नाही, ते लक्षात ठेवा.

---

मीडियमवाला

प्रोखोरोव्कामध्ये चांगला जातो म्हणे. तिथे तर हेवी म्हणजे चालतं-बोलतं टार्गेट. झुडपातून टँक डिस्ट्रॉयर मारतात ते दिसतसुद्धा नाहीत.

---

खंदकराव (धागाकर्ता)

रेल्वेच्या भरावाचा आडोसा घेऊन खेळतो. हल झाकलं जातं, टरेट तेवढा वर.

---

इतिहासजमा

जरा अवांतर, पण विषयाला धरून.

खरा टी-२९ हा १९४४ मध्ये अमेरिकेने टायगर-२ ला उत्तर म्हणून आखलेला रणगाडा. वजन ६४ टनांच्या घरात, क्रू सहा जणांचा, तोफ हीच १०५ मिमी टी-५-ई-१. युद्ध संपलं, प्रोटोटाइप चाचण्यांपुरते राहिले, लढाईत कधी उतरला नाही. त्याच चासीवर १५५ मिमीची तोफ बसवून टी-३० केला. गेममध्ये तोच टियर ९ चा टँक डिस्ट्रॉयर.

मजा अशी की ज्याच्यासाठी हा बांधला तो टायगर-२ गेममध्ये टियर ८ ला आहे, म्हणजे गाठ नेहमी पडते. आणि तिथे आपल्याला जड जातं. टायगर-२ ची वरची प्लेट १५० मिमी, ५० अंश. नॉर्मलायझेशन धरूनही २१२ च्या आसपास होतात. आपलं सरासरी पेन १९८. म्हणजे साध्या गोळ्याने वरच्या प्लेटवर मारत बसणं हा जुगार आहे, आणि जुगारात शेवटी अड्डेवालाच जिंकतो. खालची प्लेट दिसत नसेल तर गोळा राखून ठेवा, किंवा गोल्ड भरा.

---

सहज_सुचलं

इतिहासजमा, असं अवांतर रोज येऊ द्या. पु.ले.शु.

---

नवशिक्या

मग टायगर घ्यावा की टी-२९? डब्ल्यूएन८ (खेळाडूचं कौशल्य मोजणारा आकडा) कशात लवकर वाढतो?

---

अर्धवटराव

आला आला, डब्ल्यूएन८ आला. धाग्याची शंभरी भरली.

---

निवांत

नवशिक्यांना हसू नका, कारण प्रश्न पुष्कळांच्या मनात असतो. डब्ल्यूएन८ मध्ये डॅमेजचं वजन सगळ्यात जास्त आहे, आणि ते त्या त्या टँकच्या अपेक्षित आकड्याशी ताडून काढतात. तुम्ही समोरच्याचे आठ गोळे टरेटवर झेललेत, त्यामुळे तुमच्या मागचे दोन टीडी (टँक डिस्ट्रॉयर) निर्धास्तपणे मारत राहिले, याचं डब्ल्यूएन८ मध्ये काही येत नाही. टी-२९ सारख्या टँकची पारख त्या एका आकड्यावरून केली तर गाडा आहे त्यापेक्षा हलका दिसणार.

टायगर वेगळ्या पोताचा आहे. एका गोळ्याला २४०, पण गोळे भराभर, निशाणा नेमका. चिलखत त्याच्याकडे नाहीच म्हणा. लांब उभं राहून, कोन धरून, सतत मारत राहायचं असेल तर टायगर. आयएस: ३९० चा दणका, चपळ, तोफ वेंधळी. मारा आणि पळा. टी-२९ या दोघांच्या मधला नाही, तो बाजूला उभा आहे. त्याला आधी जागा शोधून द्यावी लागते.

---

चिलखतराव

निवांत यांच्याशी सहमत, एक भर घालतो. खंदकराव, ‘मॅप मिळणं नशिबाचं, मग पारख कसली’ हा तुमचा प्रश्न राहून गेला होता.

मॅप नशिबाचा, पण पहिली तीस सेकंद तुमची. त्यात यादी वाचा: आपण टॉप टियर की बॉटम. २०१७ च्या ९.१८ अपडेटने ३-५-७ चा साचा आणला होता, म्हणजे टियरप्रमाणे वरचे तीन, मधले पाच, खालचे सात. वरच्यांत असाल तर टेकाडावर पुढे जा, तुमच्या टरेटला उत्तर असलेले फार थोडे असतील. खालच्यांत असाल तर त्याच टेकाडावर पहिलं जाऊ नका. टियर नऊवाल्याच्या मागे दुसऱ्या रांगेत राहा आणि त्याचं रीलोड चालू असताना तुम्ही मारा. ३२० चा गोळा टियर नऊलाही झोंबतो.

ताशी ३५ चा वेग म्हटलं की एकदा निवडलेली दिशा बदलता येत नाही. टायगरवाल्यालाही हेच लागू आहे, पण तो कुठेही उभा राहून काहीतरी मारतो. टी-२९ सपाटीवर अडकला तर त्याच्या अंगचे दोन्ही गुण, टरेट आणि डिप्रेशन (तोफेचं खाली झुकणं), एकदम कामातून जातात. उरतो १०२ मिमीच्या नाकाचा हळू टँक. तुमचे दोन रणगाडे ते हेच.

म्हणून माझं मत मी असं देईन: टॉप टियर आणि उताराचा मॅप असेल तर टियर सातमध्ये याला तोड नाही. बॉटम टियर आणि सपाट मॅप असेल तर मी याच्याऐवजी आयएस घेईन, दोनदा विचार न करता.

---

मीडियमवाला

आता बोललात. हे आधी लिहिलं असतंत तर मी ओव्हररेटेड म्हटलंच नसतं. मला राग ‘डोळे झाकून घे’ म्हणणाऱ्यांचा आहे.

बाकी तुमचे टेकाडावरचे टी-२९ असेच भेटत राहोत. बगलेतून येतोच आहे.

---

सहज_सुचलं

इक्विपमेंट काय लावता? मी रॅमर (गोळा लवकर भरण्यासाठी) आणि व्हर्टिकल स्टॅबिलायझर (चालताना निशाणा स्थिर राहण्यासाठी) लावलाय. तिसऱ्या जागी अडलेय.

---

निवांत

पहिले दोन बरोबर. तिसऱ्याला व्हेंट्स लावा, सगळ्याला थोडा थोडा हातभार लागतो. हार्डनिंग (गाडी जास्त टिकाऊ करणारं) लावणारेही आहेत, पण हल लपवून खेळणाऱ्याला त्याचा तितका उपयोग नाही. क्रूला आधी रिपेअरचं कौशल्य द्या. ट्रॅक तुटून उताराच्या चुकीच्या बाजूला अडकलात की वरची सगळी चर्चा फुकट.

---

नवशिक्या

आणि एचई (स्फोटक) गोळे ठेवायचे का? माझ्याकडे निम्मे तेच आहेत.

---

तोफगोळा

निम्मे?! २०२१ च्या १.१३ अपडेटने एचईचा दात बराच काढलाय, जाड चिलखतावर आता त्याचा पूर्वीसारखा हमखास मार बसत नाही. चार-पाच ठेवा, पातळ चिलखताच्या गाड्या आणि बेस कॅप्चर तोडण्यासाठी. बाकी जागा एपीला द्या.

---

खंदकराव (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. रीप्ले बघून झाले. चिलखतरावांची कसोटी लावली तर हरलेल्या बॅटल्समध्ये मार जवळजवळ सगळा हलवर, आणि त्यातही बराचसा बॅटलच्या पहिल्या तीन मिनिटांत, जागेवर पोहोचायच्या आधीच. म्हणजे माझा घोळ टेकाडावर नाही, टेकाडापर्यंतच्या रस्त्यात आहे.

शेवटचा प्रश्न: एक्सपी (अनुभवाचे गुण) भरत आलाय. टी-३२ (पुढच्या टियरचा हेवी) घेऊन क्रू तिकडे हलवला तर टी-२९ विकू का?

---

इतिहासजमा

विकू नका. टी-३२ चा टरेट याहून तगडा आहे, तोफ मात्र १०५ मिमीचीच, आणि टियर आठला, समोर टियर दहा. तिथे ती चालवताना टी-२९ ची आठवण येईल.

---

अर्धवटराव

क्रू दोघांत फिरवत राहा. आणि मीडियमवाला ऑनलाइन असला की बगलेकडे बघा.